जपानी रोपांची विरळणी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे पुढं हातातला चहा सांडणार नाही. कारण गोष्ट माझ्या फजितीची आहे, आणि ती फजिती पूर्ण व्हायला जवळपास अख्खं वर्ष लागलं. बाकीच्या लोकांची फजिती एका झटक्यात होते. माझं सगळंच सावकाश. मी बोलतो सावकाश, चालतो सावकाश, मग फजिती तरी घाईनं कशी होईल?

शाळा माझी चौथीपर्यंत. पण शेतातलं मला कळतं, असं आजूबाजूची माणसं म्हणतात. माणसं म्हणायला लागली की हळूहळू आपल्यालाही ते खरं वाटायला लागतं. तिथंच घोटाळा झाला बघा!

आमचं गाव ताडकळसच्या अलीकडं. लेक सुमन सेलूला दिली. तिचे सासरे माधवराव, म्हणजे माझे इवाई. कापसाच्या बाजारात त्यांची आडत. कपडे परीटघडीचे, बोलणं तोलूनमापून, आवाज कधी चढायचा नाही. आणि मी असा! आम्ही दोघं समोरासमोर बसलो की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. ते विचारायचे, "पाऊसपाणी?" मी म्हणायचो, "हाय." मग मी विचारायचो, "बाजार?" ते म्हणायचे, "चाललाय." झालं बोलणं! एवढ्यावर आमची सोयरीक कित्येक वर्षं चालली होती.

आडत धाकट्या मुलाच्या, म्हणजे आमच्या जावयाच्या हाती दिल्यावर माधवरावांनी गच्चीवर झाडं लावली. मी एकदा पाहायला गेलो आणि बघतो तर काय! वड होता, पण टीचभर. पिंपळ होता, तो परातीसारख्या उथळ कुंडीत. एकाची मान इकडं, एकाची कंबर तिकडं. एक बिचारं तर ओणवं होऊन कुंडीच्या पार बाहेर आलेलं. सगळी खुरटलेली, सगळी वाकडी!

सुमननं हळूच सांगितलं, "आबा, ह्याला बोन्साय म्हणतेत." मला वाटलं, रोगाचं नाव असेल.

तेवढ्यात माधवरावांनी विचारलं, "कशी वाटली झाडं?"

आता काय सांगणार? लेकीचे सासरे! मी पुष्कळ विचार केला आणि म्हणालो, "मेहनत दिसायली."

मनात मात्र म्हटलं, माणूस व्यापारी आहे. कापसाची गाठ कशी बांधावी ते ह्यांना ठाऊक, झाड कसं वाढवावं ते कुणी शिकवलंच नसेल. आणि घरात एवढा दरारा, त्यांना सांगणार कोण? मीही नाही सांगितलं. भल्या माणसाचा कमीपणा कशाला उघडा पाडायचा?

त्यानंतर होळीच्या सुमाराला एक दिवस आमच्या दारात जीप थांबली. सुमन उतरली आणि मागून माधवराव उतरले. त्यांच्या हातात लाकडाची एक पसरट पेटी, वर ओलं फडकं. बाळंतघरातून लेकरू आणावं तशी दोन्ही हातांनी धरलेली.

"इवाई," ते म्हणाले, "एक काम होतं तुमच्याकडं."

फडकं बाजूला केलं. आत काळसर वाळूत सुईच्या जाडीचे देठ उभे, आणि प्रत्येकाच्या शेंड्यावर हिरव्या काड्यांचं एवढंसं चक्र. काहींच्या डोक्यावर बियाचं टरफल अजून तसंच होतं. टोपी घालून पाहुणे आल्यासारखे! मी पाहतच राहिलो.

"जपानची पांढरी पाईन," माधवराव म्हणाले. "डोंगरातलं झाड, बर्फातलं. बी मागवलं, भिजवलं, ओल्या वाळूत कालवून महिनोनमहिने फ्रिजमधी ठेवलं."

"फ्रिजमधी? ते कशापायी?"

"बियाला वाटलं पाहिजे की हिवाळा होऊन गेला. त्याशिवाय ते जागंच होत न्हाई."

मला हे इतकं गोड वाटलं म्हणून सांगू! आयुष्यभर बी पेरलं, पण बियाला खोटा हिवाळा दाखवून फसवायचं, हे मी कधी ऐकलं नव्हतं.

माधवरावांना बंगळुरूला थोरल्या मुलाकडं जायचं होतं. तिथं नातवंड होणार होतं, आणि दिवाळीशिवाय परतणं नव्हतं. सेलूची गच्ची उन्हाळ्यात तव्यासारखी तापते. आमचं घर माळवदाचं, भिंती हातभर जाड, भर उन्हाळ्यात आत गारवा. म्हणून रोपं माझ्याकडं.

"सकाळची तिरीप तेवढी लागू द्या," ते म्हणाले. "वरची माती सुकल्याशिवाय पाणी न्हाई. आणि दाट झाली की विरळणी करा. चांगली तेवढी ठेवा. चांगलं कोणतं, ते तुमच्यासारख्या माणसाला मी काय सांगू?"

मी मान डोलावली. विरळणी म्हणजे आमच्या रोजच्या कामातलं काम. ज्वारी असो, कापूस असो, रोपं दाट उगवली की अशक्त, वाकडी, बुटकी उपटायची आणि जोमदार सरळ ती ठेवायची. ते मला खरंच काय सांगणार?

आणि मनात काय आलं माहीत आहे? शेवटी इवायांच्या ध्यानात आलं! आपल्या हातची झाडं वाकडी होतात, म्हणून या वेळी कळणाऱ्या माणसाकडं दिली. बिचारे! तोंडानं कबूल कसं करणार?

जीपमध्ये बसायच्या आधी सुमन मला बाजूला घेऊन म्हणाली, "आबा, मामंजींचा लय जीव हाय त्याच्यात. ते कोणालाच द्यायला तयार नव्हते. मीच म्हणले, माझे आबा सांभाळतेत."

मला दुसरं काही सांगायची गरजच नव्हती. इतक्या वर्षांत आमच्याकडून त्या घरी जायचं ते काय? तुरीची डाळ, हुरडा, एखादं पोतं ज्वारी. ती माणसं कौतुकानं घ्यायची, पण त्यांना त्याची गरज नव्हती. आज पहिल्यांदा त्या घराला माझं काही हवं होतं, आणि शब्द माझ्या लेकीनं टाकला होता. रोपं बिघडली तर तिचा शब्द पडणार होता.

मग काय! पेटी आतल्या खोलीत, झरोक्याखाली. आणि पेटीसमोर आमचा कूलर.

घरात एकच कूलर. तो रोपांकडं वळलेला पाहून सुमनची आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अवो, कूलर माणसाला असतंय का गवताला?"

"गवत न्हाई ते. जपानातलं हाय."

"मग आमी कुठले हाव? आमाला गरम होत न्हाई व्हय?"

"तू हितलीच हाईस. तुला सवय हाय."

त्या दिवशी मला भाकरी मिळाली, पण ती ताटात ठेवली नाही, आदळली!

खरं सांगू का, त्या उन्हाळ्यासारखा सुखाचा उन्हाळा मी पाहिला नाही. बाहेर दुपार पेटलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आत अंधुक गारवा, कूलरच्या ओल्या गवताचा वास, आणि झरोक्यातून उजेडाचा एक कवडसा हळूहळू भिंतीवरून सरकतोय. मी गोणपाट टाकून पेटीशेजारी आडवा व्हायचो. गाल जमिनीला लावला की रोपं डोळ्यांच्या बरोबरीनं यायची, आणि तिथून पाहिलं की ती रोपं राहत नव्हती हो! अरण्य व्हायचं. उंच झाडांचं, निळसर, शांत अरण्य.

मग डोळा लागायचा. बर्फ मी जन्मात पाहिलेला नाही. त्यामुळं स्वप्नातला माझा बर्फ म्हणजे सरकी काढलेला कापूस. सेलूच्या बाजारात असतात तसे ढीग, पण डोंगराएवढे. मी त्यातून अनवाणी चालतोय, पायांना काही टोचत नाही, कुठून कसला आवाज नाही. वरून कापूस पडतोच आहे, आणि झाडं तो खांद्यावर घेऊन उभी आहेत. जाग आली की कूलरचं पाणी संपलेलं असायचं.

एकदा मला वाटलं, बर्फातली लेकरं आहेत, त्यांना आठवण येत असेल. ताडकळसच्या बाजारातून बर्फाची लादी घेतली. लाकडाच्या भुश्यात गुंडाळली, पोत्यात घातली आणि एसटीत सीटखाली सारली. कूलरच्या पाण्यात टाकायचा बेत होता.

पण वैशाखातलं ऊन ते! गाडी सुटायच्या आधीच पोतं रडायला लागलं. बारीक ओघळ निघाला आणि सीटांखालून पुढं पुढं चालला. कंडक्टरनं तिकिटं फाडता फाडता खाली पाहिलं.

"हे कोणाच्या लेकरानं केलं वो?"

माझ्या पुढं एक बाई तान्हं घेऊन बसली होती. ती भडकली. "माझ्याकडं काय बघायलाव? माझं लेकरू झोपलंय! कोरडं ठक्क हाय, हात लावून बघा!"

कंडक्टर ओघळाचा माग काढत मागं मागं आला आणि माझ्या पायांपाशी थांबला. सगळी गाडी वळून पाहायला लागली. मी तोंड उघडलं, पण तुम्हाला माझं बोलणं माहीत आहे. पहिला शब्द बाहेर येईपर्यंत कंडक्टरचा चेहरा मऊ झाला होता.

"म्हातारबाबा," तो हळूच म्हणाला, "सांगायचं व्हतं की. गाडी थांबवली असती."

"बर्फ हाय," मी म्हणालो.

"हाव हाव. व्हतंय असं वयामानानं."

घरी पोहोचलो तेव्हा पोत्यात नुसता भुसा होता. आणि माझ्या आधी बातमी पोहोचली होती.

आमच्या शेजारी किसन राहतो. मेंढरं राखतो, आणि बोलतो माझ्या दसपट. तो दारातूनच विचारायचा, "काय म्हणतंय तुमचं जपान?"

"बरं हाय."

"वाढलं का?"

"वाढायलंय."

"कुठं वाढायलंय? एवढ्यात माझी मेंढी व्याली, तिचं कोकरू चराया जायलंय. तुमचं झाड आजून माझ्या नखाएवढंच!"

"हळू बोल किसन. त्यांना ऐकू जातंय."

तो पेटीला लांबूनच रामराम घालायचा आणि हसत निघून जायचा. हसू दे म्हटलं. काही रोपं गळाली, नाही असं नाही. पण बाकीची टिकली. आपल्या परभणीच्या उन्हाळ्यात, जिथं कावळे नळाखाली येऊन बसतात, तिथं जपानची रोपं टिकली!

पावसाळा अर्धा सरला तेव्हा ती चांगली दाट दिसायला लागली. पानांच्या सुया निळसर झाल्या. पेटीत गर्दी झाली. शेतात कापसाची विरळणी नुकतीच आटोपली होती, बोटांना ती चाल अजून होती. म्हटलं, चला, हेही उरकू.

पेटी ओसरीवर घेतली, चष्मा लावला आणि बसलो. हे मानेत कललेलं, निघ. हे बुटकं, निघ. ह्याला बुडापासूनच दोन खोडं फुटलेली, कशाला पाहिजेत दोन? निघ! अगदी हलक्या हातानं, पण निघ.

एक तर मातीतून निघाल्यापासून असं वळलेलं होतं, जशी सपाट रानातून नदी वळते. खोटं कशाला बोलू, पाहायला फार गोड होतं. माझा हात थांबला.

सुमनची आई तांदूळ निवडत शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "असू द्या की ते. झोपेत कूस बदलल्यावानी दिसायलंय."

"इवायापुढं वाकडं ठेवू का?"

"मला चांगलं दिसलं म्हणून म्हणले."

"माया करून शेती होत न्हाई," असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो आणि उपटलं.

टाकवली मात्र नाहीत. उपटलेली सगळी ओंजळीत घेतली, तुळशीच्या बुडाशी माती उकरून पुरली आणि हात जोडले. मग उरलेल्यांकडं पाहिलं. कशी एकसारखी दिसत होती! तरी मनात आलं, पुढं कधी वाकली तर? म्हणून खराट्याच्या काड्या तोडल्या, प्रत्येक रोपाशेजारी एक रोवली आणि सुताच्या दोऱ्यानं बांधली. खराटा दिवसेंदिवस रोडावत गेला आणि रोपं पोलीसभरतीला आल्यासारखी ताठ उभी राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बंगळुरूहून माधवरावांचा फोन आला. नातू झाला होता. आवाजात आनंद होता.

"आणि रोपं?" त्यांनी विचारलं.

"झक्कास! सगळी सरळ हाईत."

"सगळी?"

"काठीवानी."

"बरं... एखादं जरासं वळलेलं, बुटकं असं..."

"काय फिकीर करू नका इवाई! एक सुदा ठेवलं न्हाई."

तिकडं एकदम शांत झालं. मी फोन हलवून पाहिला.

"ऐकू यायलंय का?"

"यायलंय."

"वरून काड्या बांधल्यात. आता वाकतो म्हणलं तरी वाकू देत न्हाई."

मग बऱ्याच वेळानं आलं, "बरं." आणि फोन बंद.

मी सुमनच्या आईला म्हणालो, "गळा भरून आला बघ माणसाचा."

ती म्हणाली, "खूश झालेलं माणूस असं 'बरं' म्हणतंय व्हय?"

पण मी कुठला ऐकतो! मी हवेत. दिवाळी होऊन ते यायचं ठरलं तसा मी रोज पेटीसमोर बसून तो दिवस डोळ्यांपुढं आणायचो. माधवराव वाकून पाहतायत, त्यांना शब्द सुचत नाहीये, सुमन दाराशी उभी आहे आणि तिच्या तोंडावर ते तेज, माझ्या बापानं केलं म्हणून. ह्या स्वप्नात मी इतका रमायचो की एक-दोनदा पाणी घालायचंच विसरलो.

तो दिवस आला. पुरणाचा स्वयंपाक केला. अंगण सारवलं. पेटी अंगणात पाटावर ठेवली, वर माझं नवं उपरणं घातलं. माधवराव आणि सुमन आले, पाणी झालं, नातवाचे फोटो पाहून झाले. मग मी उपरणं काढलं.

माधवराव पेटीपाशी उकिडवे बसले. बराच वेळ पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एका काडीला बोट लावून पाहिलं.

"इवाई," ते म्हणाले, "ही टिकवली कशी तुमी ह्या उन्हात? आमच्या ओळखीत कोणाचीच टिकली न्हाईत."

माझी छाती वीतभर फुगली.

"आणि बाकीची?"

"काढली की."

"हां. कुठंयत?"

मी तुळशीकडं बोट केलं. "टाकवली न्हाईत. तिथं पुरलीत, नीट."

माधवराव उठले. तुळशीकडं वळले. आणि हो, सांगतो, त्यांनी डोळे मिटून तुळशीला नमस्कार केला! मला वाटलं, किती धार्मिक माणूस.

जेवायला बसलो. ते पोळी खात राहिले. मी पाणी आणायला आत गेलो तर सुमन चुलीशी तोंडात पदर कोंबून बसलेली, खांदे गदगदा हलतायत. लेकीला कुणी बोललं का काय?

जवळ गेलो तर हसत होती! डोळ्यांतून पाणी काढून हसत होती.

"आबा, अवो आबा! त्यांना वाकडीच लागतेत!"

"काय लागतंय?"

"वाकडी! बोन्सायचं सगळं मोल वाकड्यातच असतंय. बुटकं पाहिजे, बुडातून वळलेलं पाहिजे. सरळ झाड तर कोणीबी वाढवतंय म्हणतेत मामंजी. आपसूक वळलेलं रोप निघाया नशीब लागतंय!"

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. डोळ्यांपुढं ते नदीसारखं वळलेलं रोप आलं. कूस बदललेलं.

"म्हणजे गच्चीवरची ती झाडं..." मी म्हणालो, "ती मुद्दाम तशी हाईत?"

"मग? वर्षानुवर्षं तारेनं वळवून केलीत ती!"

मी चुलीशीच खाली बसलो. म्हणजे माझ्या स्वप्नातलं ते सगळं तेज माझ्याच हातानं तुळशीत गेलं होतं!

"सुमन, माझ्यापायी तुझा शब्द पडला ग माय."

"माझं सोडा," ती डोळे पुसत म्हणाली, "मामंजींकडं बघा आधी. तुमाला काय म्हणावं ते सुचंना म्हणून तिसरी पुरणपोळी खायलेत. त्यांना साखर हाय, डॉक्टरनं गोड बंद केलंय!"

आता मात्र घाई करणं भाग होतं. मी जन्मात पहिल्यांदा भरभर चालत बाहेर गेलो.

"इवाई, पोळी ठेवा खाली."

"का वो? चांगली झालीय."

"ठेवा म्हणतो. मला आत्ता कळलं. मी तुमची सगळी चांगली रोपं उपटली."

त्यांनी पोळी खाली ठेवली. मला वाटतं, बरंच वाटलं त्यांना. "चूक माझी हाय," ते म्हणाले. "मी फोनवरच बोलायला पाहिजे होतं. पण तुमी एवढ्या आनंदात सांगायला लागलात की मला तोंडच उघडवेना."

"न्हाई, आजून एक हाय." एकदा कबूल करायला लागलो की माझं मला थांबता येत नाही. "तुमच्या गच्चीवरची झाडं बघून मला वाटलं व्हतं की तुमाला झाडं येत न्हाईत. मला लय दया आली व्हती तुमची."

माधवरावांनी माझ्याकडं पाहिलं.

"म्हणून 'मेहनत दिसायली' म्हणलात?"

"हाव."

"अवो, मी ते तेव्हापासून सगळ्या बाजारात सांगायलोय! म्हणलं, आमचे इवाई बोलत न्हाईत, पण एका शब्दात परीक्षा करतेत!"

आणि तो माणूस हसायला लागला. ज्यांचा आवाज कधी चढला नाही, ते माधवराव मांडीवर थापा मारून हसले, ठसका लागेपर्यंत हसले. मीही हसलो. आमच्या सोयरिकीत त्या दिवशी पहिल्यांदा घड्याळाची टिकटिक ऐकू आली नाही.

मग त्यांनी सांगितलं की रोपं माझ्याकडंच राहू देत. कोवळी आहेत, जरा जून झाली की मऊ तार घालून थोडी थोडी वळवता येतील. ते मधूनमधून येत जातील.

"मला न्हाई व्हायचं वाकवणं," मी म्हणालो.

"तुमी नुसती धरा. वाकवतो मी."

"धरतो. पण डोळे मिटून."

हात धुऊन आम्ही खाटेवर बसलो. माधवरावांनी खिशातून फोन काढला. "चांगलं म्हणजे कसं, ते बघून तर घ्या एकदा," असं म्हणून एक चित्र दाखवलं. जपानातली म्हातारी पांढरी पाईन. कित्येक पिढ्यांनी सांभाळलेली, माणसं म्हणे लांबून येतात आणि तिच्यापुढं गप्प उभी राहतात.

मी फोन डोळ्यांजवळ घेतला. उंची बेताचीच. सालीला भेगा. गुडघ्यापाशी गाठी. कमरेतून पार वाकलेली, शेंड्याला झुपका विरळ, मान एका बाजूला कललेली, आणि एक फांदी काठी टेकावी तशी खाली टेकलेली. मी पाहत राहिलो. ओळखीचं वाटलं. मग खाटेला टेकवलेली माझी काठी पाहिली, आणि सरळ व्हायचं केव्हाच सोडून दिलेली माझी कंबर आठवली.

"इवाई," मी म्हणालो, "ह्यो तर मीच की!"

माधवरावांनी चित्राकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मग आभाळाकडं पाहायला लागले. सोयरा माणूस, हो तरी कसं म्हणणार?

आमच्याकडं बायका इवायांसमोर येत नाहीत, मोठ्यानं बोलत नाहीत. सुमनची आई तर त्यांच्यापुढं आजवर पदराआडून 'हं' आणि 'न्हाई' एवढंच म्हणाली होती. पण त्या दिवशी दाराआडून तिचा आवाज आला, स्वच्छ आणि अंगणभर ऐकू जाईल असा.

"तुमच्या आईनं तुमच्यावानी इरळणी केली असती, तर पहिले तुमीच गेला असतात तुळशीच्या बुडाशी!"

इतक्या वर्षांत इवायांसमोर तिनं उच्चारलेलं हे पहिलं अख्खं वाक्य. आणि त्यातला एक शब्दही खोडून काढता येत नव्हता.